महिला फुटबॉल टीम वर्ल्डकपपर्यंत पोचते कशी? पॉइंट टेबल, ड्रॉ आणि गोलफरकाचा सगळा हिशोब, स्टेप बाय स्टेप

५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं आणि त्या रात्री आमच्या जळगावच्या ग्रुपवर नुसता गोंधळ, कोणी लिहितंय "काय भो, वर्ल्डकपला गेल्या आपल्या पोरी!", कोणी म्हणतंय ऑलिम्पिक, एकाने तर २०२६ च्या वर्ल्डकपचा लोगो टाकून अभिनंदन केलं, जो पुरुषांचा होता. मुली पोचल्या होत्या एएफसी (म्हणजे आशियाई फुटबॉलची संघटना) महिला आशिया कपला, मार्च २०२६, ऑस्ट्रेलिया. आणि ही गोष्टसुद्धा छोटी नाही, कारण क्वालिफायर खेळून, म्हणजे मैदानावर जिंकून, भारत या स्पर्धेत पहिल्यांदाच गेला.

पण लोकांची चूक नाही, हा रस्ताच वाकडातिकडा आहे. पुरुषांचं क्रिकेट बघून आपल्याला सवय लागलीय की भारत सगळीकडे असतोच. फुटबॉलमध्ये तसं नसतं, प्रत्येक स्पर्धेच्या दाराशी रांग लावावी लागते. म्हणून हा लेख, ज्यांच्या घरी पोरगी फुटबॉल खेळते त्यांच्यासाठी, शाळेतल्या पीटीच्या सरांसाठी, आणि ज्यांना मॅच बघताना मोबाईलवर टेबल उघडून "आता किती गोल पाहिजेत" हे स्वतः काढायचंय त्यांच्यासाठी. वही-पेन घेऊन बसा, खरंच लागेल.

स्टेप १: आधी स्पर्धा ओळखा

महिला फुटबॉलमध्ये आपल्या कामाच्या मोठ्या स्पर्धा तीन. फिफा महिला वर्ल्डकप, पुढचा २०२७ ला ब्राझीलमध्ये, ३२ टीम. ऑलिम्पिक, २०२८ ला लॉस एंजेलिस, तिथे महिलांच्या १६ टीम असणार आणि पुरुषांच्या १२, हो, उलटं नाही वाचलं तुम्ही. आणि आशिया कप, १२ टीम, जी आशियापुरती स्पर्धा आहे पण वर्ल्डकपचं दार पण तीच आहे.

मग येतात गोंधळ करणाऱ्या स्पर्धा. साफ चॅम्पियनशिप म्हणजे भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान अशा दक्षिण आशियाई देशांची. ती जिंकली म्हणून कुठेच एन्ट्री मिळत नाही. बांगलादेशने २०२२ ला आणि २०२४ ला साफ जिंकली, तरी आशिया कपसाठी त्यांना २०२५ ला वेगळं क्वालिफायर खेळावंच लागलं (तेही त्यांनी म्यानमारला त्यांच्या घरी हरवून पार केलं आणि पहिल्यांदा आशिया कपला गेले, सलाम आहे त्या पोरींना). एशियन गेम्स पण वेगळं प्रकरण, त्याचा वर्ल्डकपशी काही संबंध नाही. आणि अंडर-१७, अंडर-२० च्या स्पर्धांची शिडी वेगळी, त्यावर खाली येतोच.

तर बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कशाचं क्वालिफायर? तेवढं जरी केलं तरी ग्रुपवरचे निम्मे फॉरवर्ड बंद होतील.

स्टेप २: शिडी कशी आहे ते बघा

आपल्याकडे शालेय स्पर्धा कशा होतात? आधी तालुका, मग जिल्हा, जळगाव जिंकला की नाशिक विभाग, तिथे धुळे-नंदुरबार-नाशिकशी गाठ, मग राज्य, मग नॅशनल. चोपड्याच्या शाळेला थेट नॅशनल खेळता येत नाही. इंटरनॅशनलला सेम आहे, फक्त तालुक्याच्या जागी देश आणि विभागाच्या जागी खंड. फिफाने जगाचे सहा भाग केलेत, आशियाचा कारभार एएफसीकडे, युरोपचा युएफाकडे, आफ्रिकेचा कॅफकडे, उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा कॉनकाकॅफकडे, दक्षिण अमेरिकेचा कॉनमेबॉलकडे आणि ओशनियाचा ओएफसीकडे. ऑस्ट्रेलिया आशियात खेळतं बरं का, २००६ पासून, त्यामुळे भूगोलाचं पुस्तक इथे उघडू नका.

वर्ल्डकपच्या ३२ जागा या सहा जणांत वाटून दिलेल्या असतात. २०२७ साठी युरोपला ११, आशियाला ६, आफ्रिकेला ४, कॉनकाकॅफला ४, दक्षिण अमेरिकेला यजमान ब्राझील धरून ३, ओशनियाला १. बेरीज केली तर २९ येते. उरलेल्या ३ जागा प्लेऑफमधून, त्यावर नंतर.

कोणाला क्वालिफायर खेळावं लागत नाही? एक, यजमान. दोन, काही वेळा मागच्या वेळचे वरचे नंबर. २०२६ च्या आशिया कपला ऑस्ट्रेलिया यजमान म्हणून आत, आणि २०२२ चे पहिले तीन म्हणजे चीन, दक्षिण कोरिया, जपान थेट आत. चार जागा तिथेच गेल्या. राहिल्या आठ, आणि त्यासाठी ३४ देश.

स्टेप ३: रँकिंग आणि ड्रॉ

हे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात आणि माझ्या मते अर्धं क्वालिफिकेशन इथेच ठरतं. फिफा रँकिंग महिलांसाठी २००३ पासून आहे, वर्षातून काही वेळाच नवीन यादी येते. हिशोब साधारण असा की तुमच्यापेक्षा भारी टीमला हरवलं तर जास्त पॉइंट, कमजोरला हरवलं तर चिमूटभर, आणि कमजोर टीमकडून हरलात तर चांगलंच नुकसान. वर्ल्डकपच्या मॅचचं वजन जास्त, फ्रेंडलीचं कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही! म्हणूनच वर्षभर टीम कोणाशी फ्रेंडली खेळते, खेळते की नाही, हे बघायचं. फेडरेशनने वर्षात दोन-चारच मॅच ठेवल्या तर रँकिंग कुठून सुधारणार.

रँकिंगचा उपयोग ड्रॉमध्ये होतो. टीमचे भांडे करतात, ज्याला पॉट म्हणतात, वरच्या रँकच्या टीम पॉट १ मध्ये, त्याखालच्या पॉट २ मध्ये, असं. मग प्रत्येक पॉटमधून एकेक चिठ्ठी काढून ग्रुप भरतात. म्हणजे एकाच पॉटमधल्या दोन टीम एका ग्रुपमध्ये येत नाहीत. तुम्ही वरच्या पॉटमध्ये असाल तर सगळ्यात भारी टीम टळतात, खालच्या पॉटमध्ये असाल तर नशिबावर. २०२५ च्या क्वालिफायरला ग्रुपमधून फक्त पहिलाच नंबर पुढे जाणार होता, दुसऱ्याला काही नाही, घरी या. तेव्हा भारताचं रँकिंग ७० आणि थायलंडचं ४६, आणि थायलंड २०१५, २०१९ असे दोन वर्ल्डकप खेळलेली टीम. ग्रुप निघाला थायलंड, भारत, इराक, मंगोलिया, तिमोर-लेस्ते, आणि सगळ्या मॅच थायलंडमध्येच. कागदावर आपला चान्स कमीच होता.

वाईट ड्रॉ म्हणजे काय याचं सगळ्यात जबरी उदाहरण २०१७ चं. उत्तर कोरिया आणि दक्षिण कोरिया एकाच ग्रुपमध्ये, भारत पण त्यात, मॅच सगळ्या प्योंगयांगला, पुढे जाणार एकच. आशियातल्या दोन तगड्या टीम आणि त्यातली एक नक्की बाहेर. पुढे काय झालं ते स्टेप ५ मध्ये सांगतो, कारण त्यात आपल्या टीमचा नकळत हात आहे.

स्टेप ४: मॅच कुठे, किती

युरोपमध्ये क्वालिफायर घरी एक, बाहेर एक असे महिनोन्‌महिने चालतात. आशियात महिलांचे क्वालिफायर बहुतेक वेळा एकाच गावात, दोन आठवड्यांत उरकतात, प्रत्येकीशी एकदाच मॅच. २०२५ ला २३ जून ते ५ जुलै. ३४ टीम, ८ ग्रुप, त्यातले सहा चार-चारचे आणि दोन पाच-पाचचे. भारत पाचच्या ग्रुपमध्ये म्हणून चार मॅच.

याचा अर्थ काय होतो लक्षात घ्या, एक दिवस खराब गेला की संपलं. घरी-बाहेर फॉरमॅटमध्ये सावरायला वेळ मिळतो, इथे नाही. यजमान टीमला स्वतःचं पब्लिक, स्वतःचं हवामान. बाकीच्यांना हॉटेल. तेव्हा वेळापत्रक आलं की भारी टीमशी मॅच कितवी आहे आणि मधे विश्रांतीचे दिवस किती आहेत हे आधी बघायचं. आपल्याला थायलंड शेवटी आलं, हे एका अर्थाने बरं झालं कारण किती गोल लागतात ते आधीच माहीत होतं.

स्टेप ५: टेबल वाचा, आणि बरोबरी सुटते कशी ते शिका

जिंकलं की ३ पॉइंट, बरोबरी १, हरलं तर भोपळा. इथपर्यंत सगळ्यांना येतं. मजा पुढे आहे.

वहीत भारताच्या मॅच लिहा. मंगोलियाशी १३-०. तिमोर-लेस्तेशी ४-०. इराकशी ५-०. तीन मॅच, ९ पॉइंट, २२ गोल केले, एकही खाल्ला नाही, म्हणजे गोलफरक +२२. आता थायलंडची ओळ. त्यांनीही तिघींना हरवलं, ९ पॉइंट, आणि त्यांचा गोलफरक पण +२२! म्हणजे शेवटच्या मॅचला दोन्ही टीम अगदी खांद्याला खांदा.

आता प्रश्न, शेवटची मॅच १-१ राहिली असती तर? इथे नियमांचा क्रम लागतो. एएफसीच्या स्पर्धांत पॉइंट सारखे झाले की पहिल्यांदा आपापसातली मॅच बघतात, त्यात कोणाचे पॉइंट जास्त, मग आपापसातला गोलफरक, मग आपापसातले गोल. बरोबरी झाली असेल तर हे सगळं सारखंच राहणार. मग पूर्ण ग्रुपचा गोलफरक, तो पण सारखा. मग पूर्ण ग्रुपमध्ये केलेले गोल. तेही सारखे निघाले आणि त्या दोन टीम शेवटची मॅच एकमेकींशीच खेळत मैदानावर असतील तर सरळ पेनल्टी शूटआउट. त्यानंतर कार्डांचा हिशोब (पिवळं-लाल कोणाला किती), आणि अगदीच काही नाही जमलं तर चिठ्ठी.

म्हणजे बघा, मंगोलियाविरुद्ध सात-आठ गोल झाल्यावर आपल्या मुली "आता बास" म्हणून रमतगमत खेळल्या असत्या तर शेवटच्या मॅचला थायलंडला नुसती बरोबरी पुरली असती. तेव्हा मलाही ओळखीच्या एका काकांनी म्हटलं होतं की एवढ्या कमजोर टीमला १३ गोल मारायची काय गरज, वाईट वाटतं. वाईट वाटू दे, पण टेबलला भावना नसतात. त्या १३ मधले पाच एकट्या आपल्या प्यारी खाखाचे.

प्रत्यक्षात शूटआउटची वेळ आली नाही. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी गावच्या संगीता बासफोरने पहिल्या हाफमध्ये लांबून एक गोल ठोकला, ब्रेकनंतर लगेच थायलंडने फेडला, आणि ७४ व्या मिनिटाला परत संगीतानेच दुसरा केला. २-१. चार मॅच, १२ पॉइंट, २४ गोल केले, १ खाल्ला. कोच होते क्रिस्पिन छेत्री.

शूटआउटचा नियम कागदावरच असतो असं वाटत असेल तर त्याच क्वालिफायरमधला नेपाळ-उझबेकिस्तान ग्रुप बघा. शेवटची मॅच ३-३, सगळे आकडे सारखे, आणि लीगची मॅच असून शूटआउट झालं. उझबेकिस्तान गेलं, नेपाळच्या पोरी एवढ्याशाने राहिल्या.

आता २०१७ ची उरलेली गोष्ट. दोन्ही कोरियांची आपापसात १-१ बरोबरी. बाकी सगळ्यांना दोघींनी हरवलं. पॉइंट सारखे, मग पूर्ण ग्रुपचा गोलफरक. दक्षिण कोरियाने भारताला १०-० हरवलं होतं, उत्तर कोरियाने ८-०. असे दोन-तीन गोल इकडे, एक तिकडे करत दक्षिण कोरिया पुढे, आणि उत्तर कोरिया घरच्या मैदानावर खेळून आशिया कपच्याही बाहेर आणि २०१९ च्या वर्ल्डकपच्याही बाहेर. आपण नववा आणि दहावा गोल खाल्ला त्याचा हिशोब दुसऱ्याच कोणाला चुकवावा लागला. म्हणून म्हणतो, आपली टीम हरत असली तरी मॅच शेवटपर्यंत बघा, शेवटच्या दहा मिनिटांत कोणाचं तरी नशीब बदलत असतं.

एक सावधगिरी, हा क्रम सगळीकडे सारखा नसतो. २०२३ च्या महिला वर्ल्डकपच्या ग्रुपमध्ये आधी पूर्ण गोलफरक बघत होते, आपापसातली मॅच नंतर. त्यामुळे स्पर्धा सुरू व्हायच्या आधी तिच्या नियमावलीत हा एक मुद्दा शोधून ठेवा, पीडीएफ एएफसी आणि फिफाच्या साइटवर फुकट असते, लांबलचक असते पण तुम्हाला एकच पान लागतं.

स्टेप ६: कोण खेळू शकतं, आणि किती जणी लागतात

साधारण २३ जणींचा स्क्वॉड, त्यात तीन गोलकीपर. खेळायला त्या देशाचं नागरिकत्व पाहिजे, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे आईबाप भारतीय असलेली पण इंग्लंडचा किंवा अमेरिकेचा पासपोर्ट असलेली मुलगी आपल्याकडून खेळू शकत नाही. फिलिपिन्सने परदेशात वाढलेल्या आपल्या वंशाच्या मुली घेऊन अख्खी टीम बदलून टाकली, आपल्याला तो रस्ता बंद आहे. चांगलं का वाईट यावर वाद घालता येईल, मला विचाराल तर इथल्याच मुलींना वर्षभर मॅच द्या, तो जास्त पक्का उपाय.

किती जणी लागतात हे मात्र आपण फार कडू पद्धतीने शिकलो, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. २०२२ चा आशिया कप नवी मुंबई, मुंबई आणि पुण्याला होता. भारत यजमान म्हणून थेट आत, क्वालिफायरची कटकटच नाही. वरून ती स्पर्धा २०२३ च्या वर्ल्डकपचं क्वालिफायर होती, म्हणजे आठात आलो असतो तरी वर्ल्डकपचा चान्स जिवंत. २० जानेवारीला इराणशी ०-० झाली. २३ ला चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवान) मॅच, आणि टीममध्ये कोविड पसरला. तेव्हाच्या खास नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू उपलब्ध पाहिजे होत्या, तेवढ्या नव्हत्या. मॅच झालीच नाही, भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं, इराणशी झालेली मॅच पण रद्द. डी. वाय. पाटील स्टेडियमला जायचं म्हणून इकडून रेल्वेची तिकिटं काढून ठेवलेले लोक होते, त्यांचा विचार करा. मुलींचा तर करूच नका, डोळ्यात पाणी येतं.

त्याचा परिणाम पुढे पण झाला. २०२२ च्या वरच्या नंबरांना २०२६ ची थेट एन्ट्री होती, आपण हिशोबातच नव्हतो, म्हणून परत क्वालिफायरच्या रांगेत.

स्टेप ७: आशिया कपमधून वर्ल्डकप

आता मुख्य दार. आशिया कपला १२ टीम, चार-चारचे तीन ग्रुप. प्रत्येक ग्रुपमधले पहिले दोन म्हणजे सहा, आणि तिसऱ्या नंबरच्या तिघींपैकी चांगल्या दोघी, असे आठ क्वार्टर फायनलला. म्हणजे १२ पैकी फक्त चारच टीम ग्रुपमध्ये घरी जातात! तिसरा नंबर पण कामाचा, आणि तिसऱ्या नंबरांची तुलना पॉइंट आणि गोलफरकावर, म्हणून इथेही मोठ्या फरकाने हरायचं नाही हे महत्त्वाचं. ३-० आणि ६-० हरण्यात पॉइंट सारखेच, पण तिसऱ्या नंबरांच्या टेबलात जमीन-अस्मानाचा फरक.

क्वार्टर फायनल जिंकलं की सेमी, आणि सेमीत गेलेल्या चारही टीम थेट २०२७ च्या वर्ल्डकपला. क्वार्टर फायनल हरलेल्या चौघींना अजून एक संधी, त्यांच्यात दोन प्लेऑफ मॅच, जिंकणाऱ्या दोघी थेट वर्ल्डकपला, झाल्या सहा. हरलेल्या दोघी पण संपत नाहीत, त्या जागतिक प्लेऑफला जातात. सोप्या भाषेत सांगायचं तर आशिया कपची क्वार्टर फायनल गाठली की वर्ल्डकपचा दरवाजा किमान अर्धा उघडा.

भारताचा ग्रुप निघाला जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई. जपान २०११ चं विश्वविजेतं, व्हिएतनाम २०२३ चा वर्ल्डकप खेळलेलं. तिथल्या मॅचेसचं विश्लेषण हा वेगळा विषय, इथे फक्त रस्ता सांगतोय.

आणि हा रस्ता नवख्यांना पार करता येतो हे २०२२ लाच दिसलं. फिलिपिन्स तेव्हा क्वार्टर फायनलला चायनीज तैपेईला शूटआउटमध्ये हरवून सेमीत गेलं, तेवढ्यावर पहिला वर्ल्डकप मिळाला, आणि २०२३ ला तिथे जाऊन यजमान न्यूझीलंडला १-० हरवलं. व्हिएतनाम प्लेऑफमधून गेलं, त्यांचाही पहिलाच.

स्टेप ८: बाकी खंड आणि जागतिक प्लेऑफ

बाकीच्यांचं थोडक्यात. आफ्रिकेत त्यांच्या महिला आफ्रिका कपच्या सेमी फायनलिस्ट जातात, कॉनकाकॅफमध्ये पण त्यांच्या चॅम्पियनशिपमधून चार. युरोपने नेशन्स लीगसारखे अ, ब, क असे स्तर केलेत, अ स्तराच्या चार ग्रुप-विजेत्या थेट, बाकी सात जागांसाठी प्लेऑफची मारामारी, त्यात मोठी मोठी नावं अडकू शकतात. दक्षिण अमेरिकेत ब्राझील सोडून बाकी नऊ देशांची लीग. ओशनियात एक जागा, आणि न्यूझीलंडला हरवणं बाकीच्या बेटांना अजून तरी अवघड.

जागतिक प्लेऑफला वेगवेगळ्या खंडांच्या १० टीम, जागा ३. मागच्या वेळी फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडला झालं, पोर्तुगाल, हैती आणि पनामा पुढे गेले, तिघांचाही पहिला वर्ल्डकप. आशियाकडून थायलंड आणि चायनीज तैपेई होते, दोघी तिथे अडकल्या. म्हणजे लांबचा रस्ता आहे पण बंद नाही.

२०३१ पासून महिला वर्ल्डकप ४८ टीमचा होणार हे फिफाने ठरवलंय, तेव्हा सगळ्याच खंडांच्या जागा वाढतील असं दिसतं. आज जी पोरगी पाचवी-सहावीत आहे तिच्या वयाचा हिशोब तुम्हीच करा.

स्टेप ९: लहान वयाच्या टीमची शिडी

हे मुद्दाम वेगळं लिहितोय कारण आपल्याकडच्या पालकांना इथेच खरं काम आहे. अंडर-१७ चा महिला वर्ल्डकप आता दर वर्षी होतो, २०२५ पासून सलग पाच वर्षं मोरोक्कोत, २४ टीम. म्हणजे त्याचं आशियाई क्वालिफायर पण वारंवार. २०२२ ला भारत अंडर-१७ वर्ल्डकप खेळला होता पण यजमान म्हणून, भुवनेश्वर, मडगाव, नवी मुंबईला मॅच होत्या, तिन्ही मोठ्या फरकाने गेल्या. २०२५ मध्ये मात्र चित्र बदललं, ऑगस्टमध्ये अंडर-२० टीमने यांगोनला म्यानमारला १-० हरवून अंडर-२० आशिया कप गाठला, आणि ऑक्टोबरमध्ये अंडर-१७ च्या मुलींनी बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवून त्यांचा आशिया कप गाठला. सीनियर धरून एका वर्षात तीन टीम!

स्टेप १०: खानदेशातल्या पोरीने कुठून सुरुवात करायची

टीव्हीवरची शिडी कळली, आता पायाची. शालेय स्पर्धा (तालुका-जिल्हा-विभाग-राज्य) चांगल्याच, पण नॅशनल टीमकडे जाणारा मुख्य रस्ता फेडरेशनचा आहे. म्हणजे जिल्हा फुटबॉल संघटना, तिच्यावर राज्याची संघटना विफा, तिच्यावर देशाचं फेडरेशन एआयएफएफ. मुलीचं फेडरेशनच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी सिस्टीममध्ये रजिस्ट्रेशन करून आयडी घ्या, तो नसेल तर कितीही चांगली खेळत असेल तरी कागदावर ती खेळाडूच नाही.

मग जिल्हा निवड चाचणी, राज्याची सब-ज्युनियर किंवा ज्युनियर टीम, तिथून नॅशनल चॅम्पियनशिप. सीनियर महिलांच्या नॅशनल चॅम्पियनशिपच्या ट्रॉफीला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे, आणि ती ट्रॉफी सगळ्यात जास्त वेळा मणिपूरने नेलीय, आपल्याला त्याची थोडी लाज वाटायला हरकत नाही. त्याच्या बाजूने इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ ला सुरू झाली, क्लबमधून खेळलं की कोचची नजर पडते. कॅम्पला बोलावणं बहुतेक या दोन ठिकाणच्या खेळावरून येतं. खेलो इंडियाची अस्मिता लीग आहे, ती लहान मुलींसाठी पहिली पायरी म्हणून बरी.

कागदपत्रांचं आत्ताच बघा. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, तिन्हीवर नाव आणि जन्मतारीख एक पाहिजे. आपल्याकडे दाखल्यावर एक तारीख आणि आधारवर १ जून हे घरोघरी आहे! वयोगटाच्या स्पर्धेत तिथेच पोरगी बाद होते. आणि पासपोर्ट काढून ठेवा, कॅम्पचं बोलावणं आल्यावर धावपळ करण्यापेक्षा दहावीच्या सुट्टीत काढलेला बरा.

मैदानाचं म्हणाल तर भुसावळला रेल्वेचं ग्राउंड, जळगावला सागर पार्क, धुळ्याला गरुड मैदान, जागा आहेत. एप्रिल-मे मध्ये ४४ डिग्रीत दुपारी प्रॅक्टिस करू नका एवढंच, सकाळी साडेपाचला उतरा. खरी अडचण मैदानाची नाहीच, दहावी झाली की पोरीचा खेळ बंद करतात ही आहे. अंडर-१७ च्या टीमला नेमकं तेच वय लागतं. एक-दोन वर्षं थांबवलं की परत तो वेग येत नाही, कोणत्याही कोचला विचारा. लग्नाचं नंतर बघू भाऊ, आधी राज्याची निवड होऊ द्या.

शेवटची स्टेप: बघायचं कधी

मोबाईलवर टेबल आणि फिक्स्चर एएफसी आणि फिफाच्या ॲपवर मिळतात, वेळ मात्र तपासून घ्या, काही ठिकाणी तिकडची लोकल टाइम दाखवतात. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पर्थ अडीच तास पुढे आणि मार्चमध्ये सिडनी साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे भर दुपारी, दुकान आणि ऑफिसवाल्यांची पंचाईत. २०२७ चा वर्ल्डकप २४ जून ते २५ जुलै, ब्राझीलचा बहुतेक भाग आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे तिकडची संध्याकाळी सहाची मॅच आपल्याकडे रात्री अडीचला. पेरणीचे दिवस असतील, झोपेचा हिशोब आधीच लावून ठेवा.